मार्चची तोड निर्मळ, मेच्या आंब्यात अळी. उन्हाने फळमाशी मरते ना?

कलमवाला_पावस:
पावसजवळ हापूसची साठ कलमं आहेत. मार्चअखेरची तोड एकदम निर्मळ निघाली. मेची तोड अढीत घातली, आठव्या दिवशी देठाकडे मऊ डाग. कापला तर आत वळवळ! मुंबईच्या गिऱ्हाइकाने दोन पेट्यांचे फोटो पाठवले, ते बघून जेवण गेलं नाही. दादा म्हणतो, पारा ३८ वर, त्यात माशी जगेल कशी? मलाही पटत होतं. मग अळ्या आल्या कुठून?

देवगडची_सून:
सापळे कधी लावलेत भाऊ?

कलमवाला_पावस:
१ मेला. आठवड्यात डबा भरला, म्हटलं काम झालं.

मातीत_हात:
डब्यात पडले ते सगळे नर. सापळ्यात आमिष म्हणून मिथाइल युजेनॉल असतं, त्याच्या वासाला नरच येतात, मादी नाही. मेमध्ये लावेपर्यंत बऱ्याच माद्यांचं लग्न उरकलेलं असतं.

दादांचं म्हणणं अर्धं खरं आहे. ३५ च्या वर या माशीची वाढ अडखळते. पण ३८ हा हवेचा पारा. अंडी सालीखाली, अळी गरात, आणि कोष कलमाखालच्या मातीत दोन-चार सेंटीमीटरवर, वर पालापाचोळ्याची चादर. तिथे कुठलं ३८?

आता हिशेब बघा. साधारण १२-१३ अंशांच्या खाली वाढ थांबते, त्यावरचा प्रत्येक अंश तिच्या खात्यात जमा. दिवसाची सरासरी २० असेल तर रोज सात-आठ अंश जमा, २७ असेल तर चौदा-पंधरा. म्हणजे वेग दुप्पट. २७ ला अंड्यापासून माशी व्हायला तीन आठवडे पुरतात. पंजाबात थंडीत माशी दिसेनाशी होते. आपल्याकडे जानेवारीची थंडीसुद्धा तिला झोपवत नाही, परसातल्या पेरू-चिकूवर ती पिढ्या वाढवत बसते. एक मादी शेकड्यांनी अंडी घालते. मार्चला तुम्ही गुणाकाराच्या सुरुवातीला तोडलात, मेला शेवटाला. त्यात वळीव पडला, माती ओलावली, की कोषांतून माश्या निघायला आणखी सोपं.

देवगडची_सून:
आमच्याकडे दापोली विद्यापीठाचे रक्षक सापळे, एकरी चार, फळं अंड्याएवढी झाली की लागतात. गळलेला आंबा दुसऱ्या दिवसाच्या पुढे खाली ठेवायचा नाही. अळी बाहेर पडून मातीत शिरली की गेली हातची. काळ्या प्लॅस्टिक पिशवीत तोंड बांधून उन्हात टाका. तिथे मात्र दादांचं ऊन खरंच काम करतं.

रिकामा_पाटा:
निर्यातीवाले फळातली अंडी-अळी मारायला आंबे ४८ अंशांच्या पाण्यात तासभर बुडवतात ना? आम्ही हंड्यात करून बघितलं. साल उकडली, आंब्याचा बटाटा झाला.

मातीत_हात:
चुलीवर ४८ धरून ठेवता येत नाही हो. त्याला थर्मोस्टॅटची टाकी लागते.

कलमवाला_पावस:
पिशव्या आणल्या. परसातला पेरूही बघितला, खाली सडा पडलाय. दादा बोलत नाहीये, पण फावडं घेऊन कलमाखाली गेलाय.