रूममेटवर चोरीचा संशय आहे, पुरावा नाही. काय करावं? (घणसोली)

कराडची_पोर:

नमस्कार. इथे नुसती वाचत असते, लिहायची पहिलीच वेळ. विषय नाजूक आहे म्हणून नावं टाळते.

घणसोलीत आम्ही तिघी एका वन बीएचकेत भाड्याने राहतो. मी, क आणि ग. मी महापेला कामाला, क ऐरोलीला, ग ची कायमची रात्रपाळी. क माझ्याच गावची. आमच्या दोघींच्या आया एकाच भिशीत आहेत आणि तिच्या आईच्या शब्दाखातर तिला या घरात मीच आणलं. हे आधीच सांगते, कारण अर्धी अडचण इथेच आहे.

सुरुवात किचनमधल्या डब्यापासून झाली. गॅस, दूध, मावशींचा पगार यासाठी तिघी त्यात पैसे टाकतो. वही मी लिहिते. दर महिन्याला कधी पाचशे, कधी हजार कमी यायला लागले. वाटलं, कुणीतरी भाजी आणली असेल आणि लिहायचं राहिलं असेल. मग ग चे इअरबड्स गेले. मग माझा परफ्यूम, तोही अर्धा संपलेला. (अर्धी बाटली कोण नेतं?) आणि आता सोन्याचे टॉप्स. चार ग्रॅमचे, २०२३ च्या दिवाळीत बोनस मिळाला तेव्हा ठाण्याला गोखले रोडवर घेतलेले. माझ्या कपाटात साडीच्या घडीत होते.

ग म्हणते मावशींना काढा, एक चावी त्यांच्याकडे असते. पण मावशी गणपतीला महाडला गेल्या त्या अनंत चतुर्दशीनंतर परत आल्या. टॉप्स मी गौरीजेवणाच्या दिवशी ऑफिसला घातले होते आणि चतुर्दशीला बघितलं तर नाहीत. ग तेव्हा नाशिकला घरी होती. म्हणजे घरात मी आणि क. शिवाय मावशी याच बिल्डिंगमध्ये आणखी चार घरं करतात. एका घराने चोरीवरून काढलं की बाकीची चार दुसऱ्या दिवशी बंद होतात, हे मी इथे बघितलंय.

क कडे बोट जाण्याची इतर कारणं पण आहेत. अनोळखी नंबरवरून सारखे फोन येतात, ती उचलत नाही. पगार आठवड्यात संपतो, मग उसने मागते. पण पैशांची ओढाताण असणारी माणसं चोरच असतात असं थोडंच आहे?

तिला सरळ विचारू का? ती नसताना बॅग बघू का? कॅमेरा लावू? की पोलीस? पोलिसांत गेले तर कराडला दोन्ही घरांत काय होईल ते दिसतंयच.

---

जुना_कोपरखैरणेकर:

बॅगेला हात लावू नका. काही सापडलं नाही आणि ती मध्येच आली, तर त्या घरात चोर तुम्ही ठरता. सापडलं, तर ती म्हणणार तूच ठेवलंस. दोन्हीकडून नुकसान तुमचं.

कॅमेरा लावायचाच तर हॉलमध्ये, दाराकडे तोंड करून, आणि तिघींच्या संमतीने. बेडरूममध्ये लपवून अजिबात नाही. जिथे मुली कपडे बदलतात तिथे छुपा कॅमेरा म्हणजे गंभीर गुन्हा तुमच्याच नावावर.

आणि आजच्या आज कपाटाला कुलूप. मावशींबद्दल तुम्ही विचार केलात ते आवडलं. आमच्या सोसायटीत काही हरवलं की पहिला फोन वॉचमनला, दुसरा कामवालीला. वस्तू नंतर सोफ्याखाली सापडते तेव्हा फोन कुणालाच जात नाही.

---

कायद्यातली_काकू:

वकिली करते, म्हणून थोडं लांबेल.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. चोरी म्हणजे कलम ३०३, आणि राहत्या घरातल्या चोरीला कलम ३०५, शिक्षा सात वर्षांपर्यंत. चार ग्रॅम सोनं ही किरकोळ रक्कम नाही, त्यामुळे 'घरातलं भांडण आहे, आपसात मिटवा' हे ऐकून परत येऊ नका.

स्टेशनला गेलात की बहुतेक 'हरवल्याचा दाखला घ्या' असं सुचवतील. सिम कार्डासाठी तो ठीक. तुमचे टॉप्स हरवलेले नाहीत, कपाटातून गेलेत, तर अर्जात 'चोरी' हाच शब्द हवा. त्यात वस्तू, वजन, शेवटचं कधी बघितलं, त्या काळात घरात कोण होतं आणि चावी कुणाकडे होती, एवढंच लिहा. 'क ने चोरले' असं लिहू नका, कारण तुम्ही ते बघितलेलं नाही. कुणावर संशय आहे का हे ते विचारतीलच, तेव्हा जे माहीत आहे ते सांगा. गुन्हा नोंदला की एफआयआरची प्रत फुकट मिळते, हक्काने मागा. नोंदवून घेतच नसतील तर तोच अर्ज पोस्टाने उपायुक्तांना पाठवायचा.

टॉप्सचं बिल शोधा. एप्रिल २०२३ नंतरच्या हॉलमार्क दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा ओळख क्रमांक, असतो. बिलावर तो छापला असेल तर उद्या ते टॉप्स कुठल्या सराफाकडे निघाले तरी तुमचेच हे सांगता येतं.

आणि सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक शब्द नको. पुराव्याशिवाय नाव घेतलंत तर बदनामीचं कलम ३५६ तिच्या हातात.

---

रात्रपाळी_वाशी:

एक साधा प्रश्न. गणपतीत घरी कुणी पाहुणे आले होते का?

---

कराडची_पोर:

हो. क चा चुलत भाऊ. रेल्वेच्या परीक्षेला आला होता, हॉलमध्ये झोपला. मी दिवसभर ऑफिसात असायची.

---

रात्रपाळी_वाशी:

मग 'घरात मी आणि क' हे गणित मोडलं. तिला विचारायला जाल तेव्हा हे लक्षात ठेवा. आणि डब्यातले पैसे आणि सोनं एकाच हाताने गेलं असेल असंही धरू नका. डब्यातून पाचशे उचलणारी व्यक्ती सोन्याला हात लावेलच असं नाही.

---

ठाणे_लोकल:

मी कासारवडवलीला चौघांत राहायचो तेव्हा असंच झालं होतं. एकट्याला कोपऱ्यात घेऊन विचारू नका, त्याने फक्त भांडण होतं. दोघींना एकत्र बसवा. 'माझे टॉप्स गेले, डब्यात इतके कमी आहेत, ग चे इअरबड्स गेले. मी रविवारी तक्रार देतेय. त्याआधी कुणाला काही आठवलं, काही सापडलं, तर बरं.' एवढंच बोला आणि गप्प बसा. वस्तू परत ठेवायला वाट राहते.

---

कायद्यातली_काकू:

बोला जरूर, पण रविवारची वाट बघू नका. सोसायटीच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग जुन्यावर नवं चढत जातं. सेक्रेटरीला आजच लेखी द्या की या तारखांचं फुटेज जपून ठेवा. बघायला देणं न देणं नंतरची गोष्ट.

---

जुना_कोपरखैरणेकर:

आणि आईला आत्ताच सांगा. काकू कायद्याचं बघतायत, मी भिशीचं बघतो. क ने आधी घरी फोन केला तर तुमच्या आईला ही गोष्ट क च्या आईकडून कळणार, आणि ती कशी कळेल ते तुम्हीच समजा. मात्र आईला 'क ने घेतले' नाही, 'टॉप्स गेले, तक्रार देतेय' इतकंच सांगा.

---

ठाणे_लोकल:

आईच्या बाबतीत असहमत. आया मध्ये पडल्या की दोन मुलींचा प्रश्न दोन घराण्यांचा होतो.

---

कराडची_पोर:

सगळ्यांचे आभार. काय झालं ते लिहिते.

आईला सांगितलं. ती आधी गप्प झाली, मग म्हणाली, तिच्या आईला मी काही बोलणार नाही, तू तुझं कर.

सेक्रेटरी काकांनी फुटेज पेनड्राइव्हवर काढून ठेवलंय, पण दाखवणार पोलिसांचं पत्र आल्यावर. ते बरोबरच वाटलं.

दोघींना एकत्र बसवलं. ग म्हणाली, मावशींवर उगीच घेतलं मी. क भडकली. 'म्हणजे मी चोर?' मी म्हटलं, तुझं नाव मी घेतलेलं नाही. मग रडली, आणि डब्यातले पैसे वेळोवेळी घेतल्याचं कबूल केलं. लोन अ‍ॅपचं कर्ज आहे, हप्ता चुकला की फोन सुरू होतात. टॉप्सना हात लावला नाही म्हणते. इअरबड्सबद्दलही नाही म्हणते. खरं सांगू का, टॉप्सचं ऐकताना मला ते खरं वाटलं. भावाचं नाव निघालं तेव्हा मात्र तिचा चेहरा उतरला.

पोलिसांत दोनदा 'हरवल्याचा' शब्द आलाच. बिल आणि एचयूआयडी समोर ठेवल्यावर चोरीची तक्रार घेतली. भाऊ येऊन राहिला होता हेही सांगितलं. ते क ला घरी येऊन मीच कळवलं. ती आता ठाण्याला मैत्रिणीकडे जायचं म्हणते, महिनाअखेरीस.

शेवटचा प्रश्न. डिपॉझिटमधला तिचा हिस्सा मी आणि ग ने भरलेला नाही, तिचाच आहे. तो परत देताना टॉप्सचे पैसे कापून घेता येतात का? ग चा तसा आग्रह आहे.

---

कायद्यातली_काकू:

नाही. डिपॉझिट करारानुसार मालकाकडे आहे, ते भाडं आणि मोडतोडीपोटी. चोरीच्या संशयावर ते कापायचा अधिकार मालकाला नाही, तुम्हाला तर नाहीच. डब्यातले पैसे तिने कबूल केलेत, तेवढे वहीप्रमाणे हिशेब करून तिच्याकडून लेखी घ्या. टॉप्सचं पोलिसांवर सोडा.

करार तिघींच्या नावाने असेल तर तिचं नाव काढून नवा करार नोंदवायला मालकांना सांगा, नाहीतर ती गेल्यावरही कागदावर राहील. आणि नवी मुलगी येईल तिचं पोलीस व्हेरिफिकेशन मालकांकडून करून घ्या.

---

जुना_कोपरखैरणेकर:

कुलूप लावलंत का?

---

कराडची_पोर:

लावलं. दाराचंही बदललं. नवी चावी मावशींना काल दिली.