मदत हवी आहे: आरएसए उलगडल्यावर मराठीऐवजी भलतीच चिन्हं येतात

लिपिका
आरएसए (एका किल्लीने मजकूर गुप्त म्हणजे एन्क्रिप्ट करायचा, दुसरीने उलगडायचा म्हणजे डिक्रिप्ट, अशी पद्धत) स्वतः लिहितेय, तयार लायब्ररी न वापरता. एन्क्रिप्ट व्यवस्थित होतं, एरर काही नाही. पण डिक्रिप्ट केलं की 'क'च्या जागी टक्क्याचं चिन्ह येतं आणि 'र'च्या जागी ॲट द रेट. सूत्र पुन्हापुन्हा ताडून पाहिलंय, दोन्ही किल्ल्या बरोबर आहेत. उद्या वर्गात दाखवायचंय आणि डोकं पार बधिर झालंय. गडबड कुठे आहे ते कुणी सांगेल का? "आधी नीट वाचून या" एवढं मात्र नको, वाचूनच बसलेय.

टंकयात्री
फॉन्टचा घोळ आहे. जुन्या फॉन्टात टाइप केलेलं मराठी युनिकोडमध्ये उघडलं की अशीच इंग्रजी चिन्हं दिसतात. फाइल यूटीएफ-8 मध्ये सेव्ह करा आणि परत चालवा.

लिपिका
फाइल यूटीएफ-8च आहे. एन्क्रिप्ट करण्याआधी तोच मजकूर छापला तर मराठी नीट दिसतं.

बाकीशून्य
कुठल्या भाषेत लिहिलंय? मूळ संख्या कुठल्या घेतल्या? ई (एन्क्रिप्टचा घात) किती, डी (डिक्रिप्टचा घात) किती? अक्षराचा आकडा कसा करता? हे कळल्याशिवाय सगळे अंधारातच चाचपडणार.

कवचधारी
मुळात आरएसए हाताने लिहूच नये. मजकूर लपवायचा तर एईएस ही एकाच गुप्त किल्लीची पद्धत वापरा. 1977 साली प्रमाण ठरलेल्या डीईएस या आधीच्या पद्धतीची किल्ली 56 बिटांची होती. 1998 मध्ये खास बांधलेल्या यंत्राने तसली किल्ली तीन दिवसांच्या आत शोधून दाखवली. डीईएसची जागा घ्यायला खुली स्पर्धा झाली, त्यात डेमन आणि रायमन या दोन बेल्जियन संशोधकांची पद्धत निवडली गेली, आणि 2001 पासून तीच एईएस म्हणून प्रमाण आहे. 128 बिटांची किल्ली एकेक करून तपासणं कुणाच्याही आवाक्यातलं नाही.

बाकीशून्य
कवचधारी, त्यांना वर्गात आरएसए दाखवायचंय. एईएस वापरलं तर ते कसं दाखवणार?

लिपिका
पायथन. मूळ संख्या 11 आणि 13. ई 7, डी 103. बाकी सगळं पुस्तकात असतं तसंच.

लसावि
डी 103 कशाला? 11 आणि 13 मधून एकेक वजा केला की 10 आणि 12, त्यांचा लसावि 60. 7 गुणिले 43 म्हणजे 301, त्याला 60 ने भागलं की बाकी 1. डी 43 हवा. तुम्ही त्यांचा गुणाकार 120 धरून बसलात, तिथेच बिघडलं.

घातपाठ
नाही बिघडलं. 7 गुणिले 103 म्हणजे 721, 120 ने भागून बाकी 1. जो डी 120 ला चालतो तो 60 लाही चालतोच, कारण 60 हा 120 चा विभाजक आहे. दोन्ही किल्ल्या तेच कुलूप उघडतात. 43 लहान आहे म्हणून आकडेमोड कमी, इतकंच.

लसावि
कमी आकडेमोड म्हणजेच चांगली किल्ली. 1977 च्या मूळ मांडणीत गुणाकार घेतला म्हणून आजही तसंच करत राहावं असं कुठे आहे?

घातपाठ
तसं मी म्हटलेलंच नाही. पण त्यांचं उत्तर त्यामुळे चुकत नाहीये. माझा संशय घातावर आहे. 93 सारख्या आकड्याचा 103 वा घात दोनशेहून जास्त अंकी होतो. मध्ये कुठे दशांश चिन्हाची संख्या झाली तर शेवटचे अंक गळतात आणि बाकी भलतीच निघते. लिपिका, आधी घात आणि मग बाकी असं करताय का?

लिपिका
नाही. पायथनचं पॉव, तीन आकडे देऊन; ते घात आणि बाकी एकदमच काढतं. पूर्णांकच आहेत सगळे.

खुलीकिल्ली
ई 65537 घ्या. 7 फार लहान आहे, लहान ई असुरक्षित असतो. सगळीकडे 65537च वापरतात.

घातपाठ
इथे काही फरक पडणार नाही. 65537 ला 120 ने भागलं की 17 उरतात, म्हणजे 143 वर (11 गुणिले 13) तो 17 सारखाच वागेल. आणि 143 चे अवयव ज्याला दिसतात त्याच्यापासून कुठलाही ई वाचवणार नाही.

लिपिका
सुरक्षितता नकोच आहे हो सध्या, 'क' परत यायला हवाय. एक विचित्र गोष्ट आत्ता दिसली: स्पेस, इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडे बरोबर परत येतात. फक्त मराठीच बिघडतं.

टंकयात्री
हेच म्हणत होतो. फक्त मराठी बिघडतंय म्हणजे फॉन्टच. दुसरं काय असणार?

बाकीशून्य
थांबा, ही फार कामाची खूण दिली तुम्ही. 'क' ला आकडा कोणता देता? एन्क्रिप्ट झाल्यावर काय येतं? आणि डिक्रिप्ट केल्यावर अक्षर होण्याआधी आकडा किती असतो? तिन्ही लिहा.

लिपिका
पायथनच्या ऑर्डने अक्षराचा युनिकोडमधला आकडा घेते. 'क' म्हणजे 2325. एन्क्रिप्ट केल्यावर 93. डिक्रिप्ट केल्यावर 37.

बाकीशून्य
सापडलं. 2325 मधून 143 सोळा वेळा काढा, 37 उरतात. 37 हा टक्क्याच्या चिन्हाचा आकडा. 'र' म्हणजे 2352, त्यातून तेच 2288 वजा केले की 64, म्हणजे ॲट द रेट.

तुमचं आरएसए अगदी बरोबर चालतंय. ते 143 च्या बाकीत काम करतं, म्हणून 0 ते 142 एवढ्याच संख्या त्याला ओळखता येतात. 2325 दिले काय आणि 37 दिले काय, त्याच्या लेखी दोन्ही एकच. दोघांचं एन्क्रिप्शन 93च येणार, आणि 93 वरून मागे येताना ते त्यातली लहान संख्या हातात देणार. इंग्रजी अक्षरांचे आकडे 122 पर्यंतच जातात, स्पेस 32, म्हणून ती सुखरूप परतली. किल्ली, घात, फॉन्ट यांपैकी कशालाही हात लावू नका. एन, म्हणजे तो 143, वाढवा, बस.

युनिकोडमध्ये देवनागरीचे आकडे 2304 ते 2431. एन 2431 पेक्षा मोठा हवा. 61 आणि 53 घ्या: एन 3233, फाय (60 गुणिले 52) 3120, ई 17, डी 2753. 'क' कागदावरही करून दाखवता येईल. 2325 चा वर्ग, 3233 ने भागून बाकी 49. 49 चा वर्ग 2401. त्याचा वर्ग, बाकी 362. त्याचा वर्ग, बाकी 1724. हा झाला 16 वा घात. एकदा 2325 ने गुणा, 17 वा झाला, बाकी 2613. वर्गात फळ्यावर हे पाच आकडे मांडलेत तर एवढाले घात यंत्राला कसे जमतात तेही मुलांना कळेल.

लिपिका
'क' परत आला! सगळं वाक्य आलं. बाकीशून्य, मनापासून आभार. एक शंका: प्रत्येक 'क' साठी 2613च येतंय. चालेल ना?

लसावि
चालेल. फक्त डी 2753 ऐवजी 413 ठेवा. 60 आणि 52 चा लसावि 780 आहे.

अक्षरगणक
उत्तर बरोबर येतंय त्या अर्थी चालेल. गुप्तता राखायची त्या अर्थी मुळीच नाही, आणि हे उद्या वर्गात नक्की सांगा, कारण सगळ्या विषयाचं मर्म इथे आहे. एकेक अक्षर वेगळं एन्क्रिप्ट केलं आणि दरवेळी तेच उत्तर आलं, की आरएसएचं सगळं गणित बाजूलाच राहतं. उरते ती एका अक्षराला एक खूण देणारी जुनी लिपी, सीझरने अक्षरं सरकवून केली त्याच घराण्यातली. नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदीने ती फोडायची रीत लिहून ठेवली: कुठली खूण किती वेळा येते ते मोजा आणि भाषेत कुठलं अक्षर किती वेळा येतं त्याच्याशी जुळवा. मराठीत काना सतत येतो, तो लपणारच नाही. अवयव काढायची गरजही पडत नाही. एन दोन हजार बिटांचा केला तरी ही मोजणी थांबत नाही. शिवाय पब्लिक की (एन्क्रिप्टची किल्ली) सगळ्यांकडे असते, त्यामुळे कुणीही देवनागरीची सगळी अक्षरं आधीच एन्क्रिप्ट करून तक्ता तयार ठेवेल.

म्हणूनच खऱ्या वापरात संदेशात दरवेळी नवी यादृच्छिक भर घालतात, ओएईपी नावाच्या रीतीने. तोच मजकूर दोनदा पाठवला तर दोनदा वेगळा दिसतो.

कवचधारी
आणि लांब मजकूर आरएसएत घालतच नाहीत. आरएसएने फक्त एईएसची किल्ली पाठवायची, मजकूर एईएसने. मी सुरुवातीलाच एईएस म्हटलं होतं.

अक्षरगणक
हे अगदी मान्य. पण एईएसही एकेका तुकड्याला तीच किल्ली लावून सुटं सुटं वापरलं तर सारखे तुकडे सारखेच दिसतात. त्याला ईसीबी म्हणतात, आणि तसं वापरू नये.

एकदाचवही
एवढा खटाटोप कशाला? वन-टाइम पॅड, म्हणजे एकदाच वापरायच्या किल्लीची वही, घ्या. गणितज्ञ शॅननने 1949 च्या लेखात सिद्ध केलंय की ते कधीच फुटत नाही. बाकी सगळं 'अजून फुटलं नाही' या भरवशावर उभं आहे.

घातपाठ
शॅननच्या सिद्धतेला अटी आहेत. किल्ली संदेशाइतकी लांब, खरोखर यादृच्छिक, आणि एकदाच वापरायची. सोव्हिएत हेरखात्याच्या संदेशांत पॅडची काही पानं दोनदा वापरली गेली आणि अमेरिकनांनी त्यातले बरेच संदेश वाचले. आणि ती एवढी लांब किल्ली समोरच्याला द्यायची कशी? या प्रश्नावरच 1976 मध्ये डिफी आणि हेलमन यांनी खुल्या किल्लीची वेगळी वाट काढली, त्यातूनच पुढे आरएसए आलं.

एकदाचवही
किल्ली प्रत्यक्ष भेटून द्यायची. ज्याला खरंच गरज आहे तो भेटतो.

वाचनमात्र
मध्येच विचारतो, वेबसाइटवर पासवर्ड ठेवायला यातलं काय वापरू? सध्या बेस64 मध्ये एन्क्रिप्ट करून ठेवतोय.

बाकीशून्य
वाचनमात्र, बेस64 ला किल्लीच नसते, ते कुणीही उलटवतं. पासवर्ड परत वाचता येईल असा ठेवूच नये, त्यासाठी बीक्रिप्ट किंवा आर्गॉन2 सारखं हॅश, म्हणजे उलटवता न येणारं रूप, असतं. नवा धागा काढा, तिथे सविस्तर लिहितो.

लिपिका
अक्षरगणक, मग उद्या दोन्ही दाखवते: आधी 'क' बरोबर परत येतो ते, आणि नंतर एक परिच्छेद एन्क्रिप्ट करून मुलांना आकडे मोजायला देते. ओएईपी एवढ्या लहान एनवर दाखवता येईल का?

अक्षरगणक
नाही, त्यातला हॅशच एनपेक्षा कितीतरी मोठा असतो. पण तत्त्व दाखवता येईल. मूळ संख्या मोठ्या घ्या, म्हणजे एन किमान पंचवीस लाखांच्या वर जाईल. अक्षराच्या आकड्याला 1000 ने गुणा आणि त्यात 0 ते 999 मधली कुठलीही संख्या मिळवा. उलगडल्यावर शेवटचे तीन अंक टाकून द्यायचे. 'क' दरवेळी वेगळा निघेल, आणि मोजणाऱ्या मुलांच्या हाती काही लागणार नाही. हजारच पर्याय असल्यामुळे तक्ता करणारा मात्र तरीही जिंकेल, तेवढं सांगून ठेवा.