विमान कंपनीचा खर्च दरवर्षी एवढा वर-खाली कसा होतो?

किराणावाला_बंडू:
मंडळी, इंडिगोचे थोडे शेअर्स आहेत माझ्याकडे (थोडेच, हसू नका), म्हणून पहिल्यांदाच त्यांचे जुने वार्षिक अहवाल उघडून बसलो. 2022-23 ला तोटा साधारण 306 कोटी आणि लगेच पुढच्या वर्षी नफा 8,172 कोटी! विमानं तीच, पायलट तेच, मग वर्षभरात असं झालं तरी काय? आमचं किराणा दुकान होतं, भाडं, लाईटबिल, दोन पोरांचा पगार, वर्षाला पाच-सात टक्के इकडंतिकडं, विषय संपला. त्याहून डोकं फिरवणारं म्हणजे सीट-किलोमीटर (विमानातल्या सीट गुणिले उडालेले किलोमीटर) वीस टक्क्यांच्या वर वाढलेत पण इंधनाचं बिल दोन्ही वर्षी साडेतेवीस ते चोवीस हजार कोटींतच. छापताना चुकलंय का? मेव्हणा म्हणतो सगळी आकड्यांची जादू आहे, विकून टाक.

रॅम्पवाले_काका:
छापताना काही चुकलेलं नाही. आधी एक, विमानं तीच नव्हती, मार्च 2023 ला 304 होती, वर्षभरानं 367. म्हणून एकूण खर्च बघायचाच नाही, त्याला सीट-किलोमीटरनं भागायचं, मग कळतं खर्च वाढला की धंदा वाढला.
आता इंधन. जून 2022 ला दिल्लीत एटीएफ, म्हणजे विमानाचं इंधन, किलोलिटरला 1 लाख 41 हजारांच्या वर गेलेलं, युक्रेन युद्धाचा दणका. पुढच्या वर्षी भाव बराच उतरला, वर नवी निओ विमानं (ए320 चंच नव्या इंजिनांचं रूप) जुन्या ए320 पेक्षा साधारण 15 टक्के कमी पितात, म्हणून उड्डाणं वाढूनही बिल जागच्या जागी. एटीएफ अजून जीएसटीत नाही, प्रत्येक राज्याचा व्हॅट वेगळा. मुंबई-पुण्यात 25 टक्के होता तो 2023 च्या बजेटात 18 वर आणला. जिथं व्हॅट कमी तिथून परतीचं तेल पण भरून आणायचं, हे आम्ही वर्षानुवर्षं बघितलंय. जास्त वजनानं थोडं तेल जादा जळतं तरी हिशेब परवडतो!

कडू_कारलं:
म्हणजे तेल उतरलं की फायदा कंपनीचा आणि चढलं की तिकीट आमचं महाग. दिवाळीला नागपूरचं तिकीट बघा एकदा, रडू येईल.

लेजरवाली:
कारलेराव, तिकिटाचं भाडं खर्चावर ठरत नाही हो, त्या दिवशी किती लोक सीटसाठी भांडतायत त्यावर ठरतं, ऑफ सीझनला तोट्यात पण विकतात.
बंडूदादा, तुमच्या 306 कोटींची खरी गोम इंधनाच्या खाली आहे, फॉरेक्सची, म्हणजे परकीय चलनाच्या दरातल्या फरकाची ओळ बघा. विमानं बहुतेक भाड्याची आणि भाडं डॉलरमध्ये. एप्रिल 2019 पासून इंड एएस 116 हा हिशेबाचा नियम लागू झाला, तेव्हापासून पुढच्या वर्षांचं भाडं आजच कर्जासारखं ताळेबंदात दाखवावं लागतं. असं समजा की तुमच्या दुकानाची सहा वर्षांची भाडेपट्टी डॉलरमध्ये आहे आणि दर 31 मार्चला त्या दिवसाच्या रेटनं सगळी पट्टी परत मोजायची. मार्च 2022 ला डॉलर 76 च्या आसपास, मार्च 2023 ला 82 च्या वर. खिशातून रुपया गेला नाही पण तोटा मात्र कागदावर बसला. हा फॉरेक्स बाजूला काढला तर त्याच वर्षी अडीच हजार कोटींच्या वर नफा होता. पुढच्या वर्षी रुपया घसरला तो थोडाच, 83 च्या पुढंमागं, म्हणून तेवढी खोट बसली नाही. त्यामुळे मेव्हणा अर्धा बरोबर आहे, पण जादू नाही म्हणता येणार, कारण भाडं भरायच्या दिवशी महाग डॉलर विकत घ्यावाच लागतो.

रॅम्पवाले_काका:
आणि इंजिनं विसरू नका! 2023 ला प्रॅट अँड व्हिटनी या इंजिन कंपनीच्या जीटीएफ इंजिनात (बऱ्याच निओंना हेच असतं) धातूच्या भुकटीचा दोष निघाला, 2024 च्या सुरुवातीला इंडिगोची सत्तरच्या वर विमानं जमिनीवर. इंजिन काढलेलं विमान बघितलंय का कुणी, पंखाखाली इंजिनाच्या जागी वजनाचे ठोकळे टांगतात, नाहीतर तोल जातो, वर ताडपत्र्या, आणि तसंच महिनोन् महिने उभं. त्याचं भाडं चालूच, पार्किंग चालूच, आणि त्याच्या जागी उडवायला दुसरं जुनं विमान भाड्यानं आणायचं ते तेल जास्त पिणार. इंजिन कंपनी भरपाई देते तीही कुठल्या वर्षात नोंदवली जाते त्यावर त्या वर्षाचा खर्च हलतो. गो फर्स्ट या विमान कंपनीनं मे 2023 ला दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा खापर याच इंजिनांवर फोडलं होतं.

कडू_कारलं:
ठोकळे टांगतात?? फोटो टाका की काका.

किराणावाला_बंडू:
लेजरवाली ताई, फॉरेक्सची ओळ सापडली, मी ती उडवून खालीच गेलो होतो. 2024-25 चा पण उघडला, नफा 7,258 कोटी, मार्चअखेर डॉलर 85 च्या वर. आता मेव्हण्याला विचारतो, विकू म्हणालास ते तेलाकडं बघून की डॉलरकडं बघून? बहुतेक दोन्हीकडं बघितलेलं नसणार.