९८ ची जिप्सी घेतली. लिफ्ट, ३१ चे टायर, विंच... आधी काय करू?

निरेकाठी

राम राम मंडळी. दोन महिन्यांपूर्वी १९९८ ची जिप्सी किंग घेतली. कार्बोरेटरवाली, सॉफ्ट टॉप. मागच्या चाकांजवळ पत्रा थोडा खाल्लाय, पण चेसिस स्क्रू ड्रायव्हरने टोचून टोचून पाहिली, ठणठणीत आहे.

गाडी मिरवायला नाही घेतली (बरं, थोडी मिरवायलाही घेतली, खोटं कशाला बोलू). निरा-देवघर धरणाच्या वरच्या अंगाला आमची भाताची खाचरं आहेत. डांबरी संपली की साडेतीन किलोमीटर कच्चं, मध्ये एक ओढा. पावसाळ्यात तिकडे ट्रॅक्टर सोडून काही जात नाही. वडिलांचे गुडघे गेलेत, त्यांना ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसवून नेणं आता बरं वाटत नाही.

दीड लाख बाजूला ठेवलेत. चार इंच लिफ्ट (गाडी तेवढी उंच करणं), ३१ इंची मड टायर, पुढे लोखंडी बंपर, त्यावर विंच (दोराने गाडी ओढणारं यंत्र), आणि स्नॉर्कल (इंजिनाची हवा वरून घेणारी नळी), असं मनात आहे. कुठून सुरुवात करू?

जाता जाता दोन तक्रारी. साठ-पासष्टला खड्डा लागला की स्टिअरिंग थरथरायला लागतं, चाळीसच्या खाली आणेपर्यंत थांबत नाही. एका गॅरेजवाल्याने स्टिअरिंग डँपर (हादरे शोषणारा दांडा) बसवून दिला. पंधरा दिवस बरं होतं, पुन्हा तेच. आणि डाव्या पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूने काळं तेल गळतं. तो म्हणाला, जुनी गाडी आहे, गळणारच.

ऑफरोड_आप्पा

अभिनंदन भावा! पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) एक्सलच्या खाली आहेत ते वर घे, पाच इंच तिथेच मिळतात. ३१ चे टायर आरामात बसतात. मी २०१५ साली केलं, लोणावळ्याकडच्या चिखलात मोठमोठ्या गाड्या माझ्या पट्ट्याला बांधून बाहेर काढल्यात. फक्त ब्रेकचे होज लांब घे, ड्रॅग लिंकचा (स्टिअरिंगच्या दांड्याचा) कोन सुधारून घे आणि प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसकडे (सांध्याकडे) लक्ष ठेव. बाकी मजा कर.

पंपवाला

आप्पा, तुम्ही रविवारी चिखलात जाता. हा पोरगा वडिलांना घेऊन रोज जाणार आहे.

दादा, तुझी यादी मी वाचलीच नाही म्हण. मला दिसली ती साठची थरथर आणि डावीकडचं काळं तेल.

आधी मी कोण ते सांगतो. मी मोटारी भरतो, म्हणजे पाण्याच्या जळलेल्या मोटारींची तार नव्याने गुंडाळतो. भाटघर धरणाच्या फुगवट्यावर उन्हाळ्यात पाणी आत सरकलं की शेतकरी मोटर घेऊन पाण्यामागे जातो, आणि मोटर जळली की मी त्याच्यामागे. साडेसातची मोटर, चेन ब्लॉक, हत्यारं आणि एक पोरगा, हे सगळं २००४ पासून एकाच जिप्सीत. गाडी ९७ ची आहे. इंजिन एकदाच उघडलंय. पुढचा एक्सल किती वेळा उघडला ते विचारू नकोस.

जिप्सीची पुढची चाकं ज्या नकलवर फिरतात ती वर-खाली दोन किंगपिनवर तोललेली असते, आणि प्रत्येक किंगपिनला एक छोटं टेपर बेअरिंग. दोन्ही बाजू धरून चार. ती गेली की गाडी साठला नाचते. डँपर म्हणजे टायफॉइडला तापाची गोळी. तुझा ताप पंधरा दिवस उतरला होता, एवढंच.

तपासायला गॅरेज लागत नाही. मागच्या चाकांना दगड लाव, डावं पुढचं चाक जॅकवर घे. एक हात चाकाच्या डोक्यावर, एक खाली, आणि हलव. खटखट लागली तर भावाला ब्रेक दाबून धरायला सांग आणि पुन्हा हलव. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर चाकाचं बेअरिंग ढिलं आहे, आवळून भागेल. दाबूनही राहिला तर किंगपिन. मग हात आडवे धरून हलव, तिथे खेळ असेल तर टायरॉडचे (दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांड्याचे) एंड बघ.

दुसरी खूण अशी. टायरॉड सोडून नकल हाताने डावी-उजवी फिरव. मधोमध आल्यावर खाचेत बसल्यासारखी वाटली तर बेअरिंगची रेस (बाहेरची कडी) गेली म्हणून समज. मी माझी पहिल्यांदा काढली तेव्हा रॉकेलने धुऊन उन्हात धरली. आतून आरशासारखी असायला हवी होती. रोलर जिथे सरळ रस्त्यावर बसून बसून आपटले होते, तिथे बारीक उभे व्रण, तांदळाचे दाणे दाबून उचलावेत तसे. बोटाला लागत नव्हते, नखाला लागत होते. एवढ्याशा व्रणांनी गाडी रस्ताभर नाचवली होती.

नवीन बसवताना किंगपिनच्या टोपीखाली शिम (पातळ चकत्या) असतात. इथेच बहुतेक मिस्त्री अंदाजपंचे करतात. तू ताणकाटा (स्प्रिंगचा वजनकाटा) घे. शाफ्ट आणि मोठं सील न बसवता, टायरॉडच्या भोकात काट्याचा आकडा अडकव आणि ओढ. एक ते पावणेदोन किलोच्या मध्ये नकल हलायला लागली पाहिजे. हलकी जात असेल तर एक शिम काढ, जड असेल तर एक घाल. दोन्ही बाजू सारख्या. यात घाई करणारा मिस्त्री असेल तर त्याला चहा पाजून घरी पाठव.

आता काळं तेल. डिफरन्शियलमधलं (एक्सलच्या मधल्या गिअरच्या गोळ्यातलं) गिअर ऑइल एक्सलच्या नळीतून नकलच्या गोळ्यात जाऊ नये म्हणून आत एक सील असतं. ते गेलं की ऑइल गोळ्यातल्या ग्रीसमध्ये मिसळतं, ग्रीसचं पातळ पिठलं होतं आणि बाहेरच्या सीलमधून गळतं. म्हणजे तिकडे डिफरन्शियल कोरडं पडत चाललंय आणि इकडे सीव्ही जॉइंट (वळत्या चाकाला फिरवणारा सांधा) ग्रीसविना फिरतोय. जुनी गाडी गळणारच, हे खरं. पण काय गळतंय ते विचारावं की नाही? किंगपिन उघडशील तेव्हाच हेही सील बदल, मजुरी एकदाच पडते. सामान पुण्यात नाना पेठेत मिळतं. बेअरिंग मात्र चांगल्या कंपनीचंच घे, बिननावाचं स्वस्त घेशील तर पुढच्या दिवाळीला पुन्हा उघडशील.

मागचे ब्रेक ड्रमचे आहेत. चिखलातून आल्यावर ड्रम काढून बघ, आत अर्धी वाटी माती निघते. ती लायनर खाते.

हे सगळं झाल्यावर टायर. वहीत केलेला हिशोब देतो. कंपनीचा २०५/७० आर १५ टायर उंचीला ६६८ मिलिमीटर. २३५/७५ आर १५ भरतो ७३३. म्हणजे डिफरन्शियलचा गोळा जमिनीपासून ३३ मिलिमीटर वर जातो. ३१ इंची टायरने ६० मिलिमीटर जातो. आणि चार इंच लिफ्टने? शून्य. लिफ्टने बॉडी वर जाते, गोळा आहे तिथेच राहतो, आणि खाचराच्या बांधावर गाडी अडकते ती गोळ्यावर. लिफ्ट हवी ती मोठा टायर पत्र्याला घासू नये एवढ्यासाठी.

३१ चा टायर मूळपेक्षा १८ टक्के मोठा. लो (फोर व्हीलचा जोराचा गिअर) लावून पहिल्या गिअरला इंजिनचे साधारण ३२ फेरे होतात तेव्हा चाकाचा एक होतो. ३१ लावलेस की ते ३२ जणू २७ होतात. तेराशे सीसीचं कार्बोरेटर इंजिन, चढावर तिचा जीव जातो. क्लच दाबून दाबून तू तो जाळणार, आणि मग म्हणणार जिप्सीत दम नाही. मी २३५/७५ वर आहे. मीटर साठ दाखवतो तेव्हा गाडी खरी सहासष्टने चाललेली असते, एवढं लक्षात ठेवायचं.

आणि कोणी लांब शॅकल (पाट्याचं टोक चेसिसला जोडणारी कडी) लावून स्वस्तात दोन इंच देतो म्हणाला तर नको म्हण. जिप्सीला पुढच्या पाट्याची शॅकल पुढच्या टोकाला असते. ती लांब केली की एक्सल पुढे कलतो, किंगपिनचा मागे झुकलेला कोन कमी होतो आणि स्टिअरिंग आपणहून सरळ येईनासं होतं. आधीच नाचणारी गाडी आता भटकायलाही लागते.

विंचचं काय सांगू. या गाडीचं मोठेपण तिच्या हलकेपणात आहे, सगळी मिळून टनाच्या आसपास. नाकावर लोखंडी बंपर आणि विंच टांगलीस तर चिखलात पहिलं नाकच बुडणार. २०१६ च्या मे महिन्यात मी गाळात रुतलो होतो. फुगवट्याचा गाळ वरून भाकरीसारखा भेगाळलेला असतो आणि खाली लोणी. गाडी एक्सलपर्यंत बसली. विंच असती तरी बांधणार कशाला? तासभर चालत गेलो तरी झाड नाही. चारी चाकांची हवा १२ पीएसआयवर आणली, काठावरची बेशरमाची झुडपं तोडून चाकांखाली घातली, लो लावून दुसऱ्या गिअरला, पहिल्या नाही, हळूच क्लच सोडला. पहिल्याला चाक जागीच फिरतं आणि खड्डा खणतं. निघाली. म्हणून माझ्याकडे विंच नाही, हवेचं मीटर, बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर आणि कोयता आहे.

ओढ्याबद्दल उद्या लिहितो, गिऱ्हाईक आलंय.

कागदपत्र_पूर्ण

पंपवाले काकांनी यंत्राचं सांगितलं, मी कागदाचं सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेशी न जुळणारा बदल चालत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठासून सांगितलंय. लोखंडी बुल बारवर (बंपरपुढच्या कमानीवर) केंद्राचा डिसेंबर २०१७ चा वेगळा आदेश आहे. तुमची गाडी ९८ ची, म्हणजे १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण, पुढचं २०२८ ला. त्या दिवशी इन्स्पेक्टर गाडीभोवती फिरून बघणार. कंपनीचे रिम आणि टायर विकू नका, माळ्यावर ठेवा. आणि मोठा बदल करून अपघात झाला तर विमा कंपनीला हात झटकायला कारण मिळतं.

ऑफरोड_आप्पा

काका, मान्य, माझी गाडी रविवारची आहे. पण २०१५ च्या आधी मीही किंगपिन केले होते, ते लिहायचं राहिलं. एक भर घालतो. पुढे-मागे चेसिसला बोल्ट केलेले मजबूत हुक आणि एक चांगला पट्टा घे. टो करताना पट्टा बंपरला किंवा साध्या जॅक हुकला बांधू नकोस. हुक तुटून उडालेला मी पाहिलाय, मागच्या गाडीच्या काचेतून आत गेला होता. सीटवर कोणी नव्हतं म्हणून निभावलं.

पंपवाला

आप्पांचं हे सोन्यासारखं आहे, लिहून ठेव.

आता ओढा. स्नॉर्कल लावून लोक पाण्यात उतरतात आणि मधोमध बंद पडतात, कारण पाणी हवेच्या नळीतून नाही, डिस्ट्रिब्युटरमधून (प्लगना ठिणगी वाटणाऱ्या डबीतून) घात करतं. कॅपला तडा नाही ना बघ, रबरी टोप्या घट्ट बसव. गुडघाभर पाण्याला एवढं पुरतं. त्याहून जास्त असेल तर थांब. ओढा उतरतो, थोडा वेळ लागतो. आधी पायाने ओलांडून बघ. जिथे तू उभा राहू शकत नाहीस तिथे टनाची गाडीही सरकते.

दुसरं कोणी सांगत नाही ते एक्सलच्या ब्रीदरचं, म्हणजे हवेच्या छोट्या तोंडाचं. चालून चालून एक्सल तापलेला असतो, गार पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि मिळेल त्या फटीतून पाणी ओढून घेते. ब्रीदरला पेट्रोलचा पाइप जोडून वर बॉनेटखाली नेऊन बांध, टोकाला दुचाकीचा पेट्रोल फिल्टर. दोन्ही एक्सलना. तुझ्या दीड लाखातलं हे सगळ्यात स्वस्त काम. तरीही पावसाळ्यात महिन्यातून एकदा डिफरन्शियलचा बोल्ट ढिला करून थेंब बघ. ताकासारखं पांढरट आलं तर ऑइल बदल, पुढच्या रविवारी नाही, त्याच दिवशी.

निरेकाठी

काका, आप्पा, दोघांचे आभार. काल चुलतभावाला ब्रेकवर बसवून केलं. उजवीकडे खेळ ब्रेक दाबल्यावर गेला. डावीकडे तसाच. नकल मधोमध अगदी सांगितलंत तशी खाचेत बसते, भाऊ म्हणाला 'गिअर पडल्यासारखं वाटतंय'. ऑइल भरायचा बोल्ट उघडला तर डिफरन्शियलमध्ये बोट बुडेल एवढंही ऑइल नव्हतं. डावी नकल उघडली तर पिठलंच.

त्याच मिस्त्रीकडे जायचं नाही असं ठरवलंय. शनिवारी नाना पेठेत जातो. यादी अशी: किंगपिन बेअरिंग चार, आतली सील दोन, नकलची मोठी सील दोन, शिमचा सेट, मागचे लायनर, ९० नंबरचं गिअर ऑइल. लिफ्ट आणि विंच वडिलांनी वाचून दाखवायच्या आतच खोडली.

टायर २३५ च घेतो. ताणकाटा कितीचा आणू?

पंपवाला

पाच किलोचा. दहाचा आणशील तर एक-दीडचा फरक त्यावर दिसायचा नाही. मासळीवाल्यांकडे असतो तसला, डायल नसलेला. घेताना दुकानात एक किलो साखरेची पुडी अडकवून बघ, किलोच दाखवतो की नाही ते.