उकळून मीठ जात नाही

"पाणी उकळून प्यायलं की बायकांचे निम्मे आजार टळतात" असं म्हटलं जातं; जंतूंपुरतं ते मान्य. पण बांगलादेशातल्या खुलना जिल्ह्यात, डाकोप भागात, प्यायच्या पाण्यात मीठच आहे. उकळलं की ते आणखी दाट होतं!

तिथल्या गरोदर बायकांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. रक्तदाब वाढलेल्यांचं प्रमाण पावसाळ्यात ५ टक्क्यांच्या आसपास, कोरड्या महिन्यांत १२. कोरड्या दिवसांत नुसत्या पाण्यातून रोज ५ ते १६ ग्रॅम सोडियम पोटात जात असावं, असा अंदाज निघाला. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस सगळा आहार धरून २ ग्रॅमच्या आत ठेवण्याची आहे. म्हणजे भाजीत मीठ न घालताही हिशेब कोलमडला.

हे मीठ फक्त समुद्राने आणलेलं नाही. कोळंबीसाठी भातखाचरांत खारं पाणी मुद्दाम घेतलं गेलं, वरून येणारं नदीचं गोडं पाणी कमी झालं आणि २००९ च्या आयला वादळात बांध फुटले.

नंतरच्या काही अभ्यासांनी मात्र गुंता वाढवला. खाऱ्या पाण्यातून कॅल्शियम-मॅग्नेशियमही मिळतं आणि ते उलट रक्तदाब कमी करायला हातभार लावतं. पागोळ्यांचं पाणी गोडं, पण त्यात हे क्षार जवळपास नसतात. तरी मला तेच बरं वाटतं. अडचण टाकीची आहे: नोव्हेंबर ते मे पुरेल एवढी मोठी टाकी गरिबाच्या अंगणात बांधायची कुणी?