‘आयझॅक’ला दोन तारे? बसा, बोलू जरा

तर्री_पोहे: काल धंतोलीवाल्यानं इथं ‘द बाइंडिंग ऑफ आयझॅक’ या व्हिडिओ गेमला पाचापैकी दोन तारे दिले. म्हणणं एवढंच: ‘शी-शूचे विनोद, सगळा खेळ नशिबावर, गोष्टीच्या नावानं शंख. मुलांपासून लांब ठेवा.’ शेवटचं मान्य. बाकी वाचून रात्री झोप नाही आली, म्हणून लिहून राह्यलो.

शी-शू आहे, हाव. आईपासून पळून पोट्टा तळघरात उतरते, डोळ्यातलं पाणी हेच त्याचं हत्यार, आणि समोर माश्या, गू, त्याच्याच चेहऱ्याची बिघडलेली पोट्टी. लहान पोराले भीती कशाची वाटते? अंधाराची, घाणीची आणि आईच्या पावलांची. आई बॉस, म्हणजे टप्प्याच्या शेवटचा मोठा शत्रू, म्हणून येते तेव्हा अख्खी दिसतच नाही. वरून धाडकन पाय आदळतो, दारातून डोळा बघतो. खाटेखाली लपलेल्या पोराले आई तेवढीच दिसते ना बे!

आणि खरा विनोद पुढे आहे. मेलात की पोराचं मृत्युपत्र येतं: कोणी मारलं, कुठे मारलं, आणि माझं जे काय आहे ते माझ्या गुप्पी बोक्याला. बरं. मग कधी तळघरात एक वस्तू सापडते. गुप्पीचं मुंडकं. पुढे पंजा. पुढे शेपूट. म्हणजे वारसदार तुमच्याआधीच गेलेला, आणि तुम्ही त्याचे तुकडे वेचत फिरता. तीन जमले की उडता येतं आणि तुम्ही खूश होता! हे डोक्यात शिरायला मला चाळीसेक तास लागले. रिव्ह्यूवाला आईपर्यंत तरी पोचला का?

धंतोलीवाला: आईला दोनदा मारलंय, भाऊ. अकरा तास खेळलो. माझं दुखणं वेगळं आहे. वस्तू उचलली की दोन-तीन शब्दांचं कोडं येतं, बस. सोया मिल्क उचललं, अश्रूंच्या पिचकाऱ्या सुरू, मी खूश, आणि मार इतका हलका की माशीही हसेल. बाजूला विकी उघडी ठेवल्याशिवाय कळतच नाही काय घ्यावं. कोणत्या रंगाची गोळी काय करते ते दर रनला, म्हणजे दर नव्या डावाला, बदलतं. वरून तो आंधळेपणाचा शाप लागला की वस्तूच्या जागी नुसतं प्रश्नचिन्ह. याला डाव म्हणायचा? डोळे बांधून केमिस्टकडे हात घालणं आहे हे.

तर्री_पोहे: विकीचं खरं आहे. मीही उघडतो. हे एवढंच मान्य, पुढे नको ओढू.

जुना_डॉस: मुळात याला रोगलाइक, म्हणजे ‘रोग’सारखा खेळ, म्हणणंच चूक. ‘रोग’ हा गेम १९८०चा. तुम्ही एक पाऊल टाकलं की राक्षस एक पाऊल टाकतो, विचाराला वेळ मिळतो. २००८मध्ये बर्लिनला लोकांनी बसून कशाला रोगलाइक म्हणायचं हे ठरवलं. आयझॅक धावता खेळ आहे, खोल्या सरळ ‘झेल्डा’ या जुन्या गेमच्या. रोगलाइट, म्हणजे सौम्य रोगलाइक, म्हणा.

तर्री_पोहे: आला बाप्पा! मेलं की पहिल्यापासून, खोल्या दर वेळी नव्या, आम्हाले तेवढं पुरते. तू पोहे खातानाही तर्री वेगळी मोजत असशील.

जुना_डॉस: वेगळीच घेतो. पोहे भिजतात.

मुक्काम_कोथरूड: तांत्रिक वाद चालू द्या. मला या खेळाचा विनोदच पटत नाही. आईला देवाचा आवाज ऐकू येतो, पोराचा बळी दे म्हणून, आणि यावर हसायचं? निन्टेन्डोनं २०१२मध्ये त्यांच्या थ्रीडीएस या हातातल्या गेम-यंत्रासाठी नाकारला तो धार्मिक मजकुरामुळेच. उगीच नाही.

आजीची_नात: नाकारला खरा, आणि २०१५मध्ये ‘रीबर्थ’, म्हणजे याच गेमचा नव्यानं केलेला अवतार, त्यांच्याच न्यू थ्रीडीएसवर आला. तोवर देव बदलला होता वाटतं.

आणि पटत नाही म्हणजे काय? चिलया बाळ ऐकला नाही का तुम्ही? महालातल्या घरी आजी दर श्रावणात वाचायची. अतिथी दारात, त्याला पोराचंच मांस हवं, आणि चांगुणा पोराचं डोकं उखळात घालून कांडते. डोळ्यात पाणी नको, नाहीतर अतिथी उठून जाईल. सात वर्षांची होते मी. विचारलं, ‘आजी, तू मला कांडशील का?’ आजी म्हणाली, ‘तो मुलगा होता, झोप.’ आजवर कळलं नाही मला वाचवलं की कमी लेखलं.

आपल्या गोष्टीत चांगुणा हाक मारते आणि चिलया धावत येतो. बायबलात पोरगा आयझॅकचा बळी द्यायला निघालेल्या अब्राहामाचा हात देवदूत अडवतो. या गेमच्या पहिल्या शेवटात काय होतं? आई सुरा उगारते आणि फळीवरचं बायबल तिच्या डोक्यात पडतं. मी खुर्चीवरून पडले हसून. गेम बनवणारा एडमंड मॅकमिलन स्वतः धार्मिक घरात वाढला. घरातलाच माणूस असा विनोद करू शकतो.

मुक्काम_कोथरूड: चिलयाची गोष्ट भक्तीची आहे. तुलना ओढूनताणून.

आजीची_नात: उखळाला विचारा.

सक्करदरा_एक्स्प्रेस: तुमचं तत्त्वज्ञान होऊ द्या, माझं ऐका. २०१२चा मे. तेव्हा जुनाच आयझॅक होता, फ्लॅशवाला, रन मध्येच सेव्ह होत नव्हता. बाहेर शेहेचाळीस डिग्री, कूलर आणि कॉम्प्युटर एकाच बोर्डवर. ब्रिमस्टोन हे जबर हत्यार मिळालं होतं, ‘आईचं हृदय’ या पुढच्या बॉसपर्यंत पोचलो होतो, जिंदगीत पहिल्यांदा. लाइन गेली. दीड तास पाण्यात. वीज कंपनीच्या ऑफिसात फोन लावला तर बाई म्हणते, ‘फॉल्ट आहे.’ मी म्हटलं, माझाही रन गेला. तिनं फोन ठेवला.

मुक्काम_कोथरूड: ‘रीबर्थ’मध्ये २०१४पासून सेव्ह आहे. आणि इन्व्हर्टर नावाची वस्तू मिळते.

सक्करदरा_एक्स्प्रेस: इन्व्हर्टरवर कूलर चालते का बे तुमच्या पुण्यात? कोराडी-खापरखेड्याची राख आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर, वीज तुमच्या लिफ्टला, आणि वरून सल्ला!

मुक्काम_कोथरूड: आमच्याकडेही जाते. गुरुवारी. पण सांगून जाते.

सक्करदरा_एक्स्प्रेस: पाहा, हाच तो माज!

जुना_डॉस: ग्रिड एक असते. वीज नळाच्या पाण्यासारखी एका गावातून दुसऱ्या गावात...

सक्करदरा_एक्स्प्रेस: तू पोहे खा. अनुशेष काढू का? अधिवेशन असलं की डिसेंबरात लाइन बरोबर राहते, आमदार आले असतात ना. मे महिन्यात कोणी येते का इथं?

तर्री_पोहे: अरे धागा गेमचा आहे!

आजीची_नात: गेमचाच आहे. विदर्भाला मराठी राज्यात आणायचा नागपूर करार झाला २८ सप्टेंबर १९५३ला. आयझॅक आला २८ सप्टेंबर २०११ला. दोन्हीकडे पोट्टा तळघरात, वरून पाय.

सक्करदरा_एक्स्प्रेस: हे फ्रेम करून लावतो घरी.

मुक्काम_कोथरूड: हसलो. मतं तीच आहेत, नोंद घ्या.

धंतोलीवाला: तुमची भांडणं चालू होती तोवर दोन रन झाले. सोया मिल्क पुन्हा आलं, नाही उचललं. गुप्पीचं मुंडकं आलं. मृत्युपत्राचं वाचलेलं डोक्यात होतं, म्हणून जरा वेळ तसाच उभा राहिलो. मग उचललं आणि पुढच्याच खोलीत मेलो. माझं सगळं गुप्पीला.

अडीच देतो. अर्धा बोक्याचा. तीन मागायचे नाहीत.