मॉरिशसची पेन्शन: नुसतं वय वाढवून भागणार नाही

मॉरिशसने म्हातारपणाच्या पेन्शनचं वय ६० वरून ६५ कडे न्यायचं ठरवलं ते योग्यच, असं या निर्णयाचे समर्थक म्हणतात. हिशेब मलाही कळतो. १९५८ पासून ही पेन्शन जवळजवळ सरसकट आहे, ऊस तोडणाऱ्यालाही आणि बंगलेवाल्यालाही. जन्मदर घटलाय. वर निवडणूक आली की रक्कम वाढते. २०१९ च्या निवडणुकीनंतर ती महिना ९,००० मॉरिशस रुपये झाली.

पण खरी चूक २०२० ची आहे असं मला ठामपणे वाटतं. १९७६ च्या कायद्याने उभा राहिलेला राष्ट्रीय पेन्शन निधी होता. पगारातून वर्गणी जायची, ती गुंतवली जायची, माणसाच्या नावावर पॉइंट जमा व्हायचे. त्याऐवजी नवी वर्गणी आणली, जी थेट सरकारी तिजोरीत जाते. म्हणजे साठवणीची सवयच मोडली.

आणि साठीचं म्हणाल तर, माझे वडील साखर कारखान्यात बॉयलरवर होते. निवृत्तीच्या वर्षी एक जिना चढताना कठडा धरून दोनदा थांबायचे. अशा माणसाला ‘अजून पाच वर्षं थांबा’ कसं सांगायचं? त्यापेक्षा श्रीमंतांना वगळा. तो प्रयत्न २००४ मध्ये झालाही होता, पण सत्ता बदलताच मागे घेतला. तोच पुन्हा करावा, आणि अंगमेहनत करणाऱ्यांना साठीलाच पूर्ण पेन्शन द्यावी.